खानदेशातून व्हिएतनामकडे : इतिहास अभ्यासदौऱ्याच्या आखणीची साधने आणि पथ्ये

प्रस्तावना

इतिहास हा विषय वर्गाच्या चार भिंतींत जेवढा कळतो त्याहून अधिक तो स्थळावर उभे राहिल्यावर कळतो, हे इतिहासाच्या प्रत्येक अध्यापकास मान्य आहे. म्हणूनच जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांतून अजिंठा, पाटणादेवी, पितळखोरा, लळिंगचा किल्ला आणि थाळनेर या स्थळांच्या सहली होत आल्या आहेत. अलीकडच्या काळात प्रवास सुलभ झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामने सर्व देशांच्या नागरिकांना ९० दिवसांचा ई-व्हिसा देण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वीच २०२२ मध्ये मुंबईहून हनोई व हो ची मिन्ह शहराकडे थेट विमाने सुरू झाली होती. परिणामी खानदेशातील मध्यमवर्गीय कुटुंबे आणि प्राध्यापकवर्ग यांच्या बोलण्यात व्हिएतनामचे नाव वारंवार येऊ लागले आहे.

तथापि प्रवासी कंपन्यांच्या ठरीव कार्यक्रमांत हा देश समुद्रकिनारे, पाळण्याची गाडी आणि बाजारहाट एवढ्यापुरता उरतो. ज्या भूमीत संस्कृत शिलालेख आहेत, ज्या भूमीने फ्रान्स व अमेरिका या दोन बलाढ्य सत्तांशी तीस वर्षे झुंज दिली, त्या भूमीचा इतिहास अशा कार्यक्रमात अर्ध्या दिवसाच्या वाट्यालाही येत नाही. दुसरीकडे समाजमाध्यमांवरील ऐकीव कथा प्रवाशाच्या मनात आधीच घर करून बसलेल्या असतात. हे दोन्ही धोके टाळून इतिहास, संस्कृती व आहार या तीन अंगांनी व्हिएतनाम समजून घ्यायचा असेल तर दौऱ्याची आखणी कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. खानदेशातील अभ्यासक आपल्या परिसरातील कोणती साधने सोबत घेऊन तेथे जाऊ शकतो, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

१. धुळ्याचा वारसा : आधी साधन, मग सिद्धांत

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड त्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केले. गावोगाव पायपीट करून, माळ्यांवरची व तळघरांतली दप्तरे उघडून अस्सल कागद मिळवावा, तो वाचावा आणि मगच विधान करावे, ही त्यांची शिस्त होती. त्यांची अनेक अनुमाने पुढे टिकली नाहीत. परंतु साधनाविषयीचा त्यांचा आग्रह आजही प्रमाण मानावा लागतो. खानदेशातून निघणाऱ्या कोणत्याही इतिहासदौऱ्याची पहिली शिदोरी हीच असली पाहिजे.

या शिस्तीची पहिली कसोटी एका लोकप्रिय कथेवर लागते. अमेरिकेविरुद्धच्या युद्धात व्हिएतनामी नेत्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यापासून प्रेरणा घेतली, तेथील एका नेत्याने तसे जाहीर सांगितले, एवढेच नव्हे तर तेथे महाराजांचा पुतळा उभारला, अशी कथा महाराष्ट्रात गेली अनेक वर्षे फिरत आहे. तिच्या एका पाठात तो नेता राष्ट्राध्यक्ष असतो, दुसऱ्या पाठात परराष्ट्रमंत्री असतो. भाषणाची तारीख, मूळ भाषेतील उतारा अथवा ग्रंथाचा पृष्ठांक एकाही पाठात दिलेला नसतो. राजवाड्यांच्या कसोटीने अशा कथेस साधनाचा दर्जा देता येत नाही.

व्हिएतनामी युद्धतंत्राची स्वतःची परंपरा मात्र साधनांनी सिद्ध आहे. त्रान हुंग दाओ याने १२८८ मध्ये बाक दांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवून मंगोल आरमार अडकविले. ले लोय याने १४१८ ते १४२७ या काळात डोंगराळ मुलुखातून लढत मिंग सैन्यास देशाबाहेर घालविले. १७८९ च्या नववर्षोत्सवात शत्रू गाफील असता न्गुएन हुए याने हनोईजवळ चिंग सैन्यावर छापा घातला. सेनापती व्हो न्गुएन झाप यांच्या युद्धविषयक लेखनामागे ही देशी परंपरा, मार्क्सवादी विचार आणि चिनी क्रांतीचा अनुभव आहे. दुर्बल पक्षाने भूगोल व जनतेचा आधार घेऊन प्रबळ शत्रूस जेरीस आणावे हे सूत्र सह्याद्रीत आणि लाल नदीच्या खोऱ्यात स्वतंत्रपणे विकसित झाले, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. दोहोंचा तुलनात्मक अभ्यास निश्चित फलदायी ठरेल. शिवछत्रपतींच्या कर्तृत्वास परदेशी शिफारसपत्राची गरज नाही. ते मराठी, फार्सी, पोर्तुगीज व इंग्रजी कागदांवर स्वतःच्या बळावर उभे आहे. दौऱ्यात ‘तो पुतळा कोठे आहे’ असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील, तेव्हा अध्यापकाने हे उत्तर शांतपणे दिले पाहिजे.

२. पाटणचा शिलालेख आणि चंपाचे शिलालेख

दौऱ्याची पूर्वतयारी चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे करावी, अशी या लेखाची सूचना आहे. तेथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव याने त्यास दान दिल्याची नोंद आहे. या लेखाची रचना विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. देवस्तुती, राजवंश आणि विद्वत्परंपरा यांचे वर्णन संस्कृतात आहे. परंतु मठास कोणत्या मालावर काय मिळावे हा व्यवहार सांगताना लेख तत्कालीन मराठीत उतरतो. प्रतिष्ठेची भाषा एक आणि हिशेबाची भाषा दुसरी, असा हा प्रकार आहे.

मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर नांदलेल्या चंपा राज्यांच्या शिलालेखांत नेमकी हीच विभागणी आढळते. देवतास्तवन व राजप्रशस्ती संस्कृतात, तर जमिनी, सीमा व सेवक यांचा तपशील प्राचीन चाम भाषेत दिलेला असतो. त्रा किएऊजवळील दाँग येन चाऊ येथील लेख सामान्यतः इसवी सनाच्या चौथ्या शतकातील मानला जातो आणि ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलातील तो सर्वांत जुना ज्ञात लेख आहे. न्हा त्रांगजवळ सापडलेला व्हो कान्ह येथील संस्कृत शिलालेख आज हनोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. त्याचा काळ दुसऱ्या ते पाचव्या शतकादरम्यान वेगवेगळा सांगितला जातो. पाटणचा लेख ज्याने आधी वाचला आहे त्यास चंपाचे लेख परके वाटणार नाहीत. संस्कृत भाषा दिसली की तेथे भारतीय राज्य होते, असे तो घाईने म्हणणारही नाही. पाटणच्या लेखाने त्यास शिकविलेले असते की संस्कृत ही त्या काळी राजप्रतिष्ठेची सामायिक भाषा होती आणि तिच्याखाली स्थानिक समाज स्वतःच्या बोलीत व्यवहार करीत होता.

येथे इतिहासलेखनातील एका वादाचा उल्लेख आवश्यक आहे. १९२६ मध्ये कलकत्त्यात बृहत्तर भारत मंडळ स्थापन झाले आणि १९२७ मध्ये रमेशचंद्र मजुमदार यांचा चंपावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पारतंत्र्याच्या काळात भारतीयांच्या सागरी पराक्रमाचे दर्शन घडविण्याची ती प्रेरणा समजण्यासारखी होती. परंतु त्या ग्रंथातील ‘वसाहत’ ही कल्पना पुढील संशोधनाने मागे टाकली. चंपाचे राजे स्थानिक चाम होते. त्यांनी शैव व बौद्ध धर्म, संस्कृत भाषा आणि मंदिरस्थापत्य यांतून आपणास हवे ते निवडले व आपल्या देवतांशी जोडून घेतले. न्हा त्रांगची पो नगर देवी हे त्याचे उत्तम उदाहरण होय : ती चामांची भूमाता आहे, संस्कृत लेखांत तिला भगवती म्हटले आहे आणि आज व्हिएतनामी लोकही तिची आपल्या पद्धतीने पूजा करतात. ज्या देशास दुसऱ्याची वसाहत होण्याचे दुःख ठाऊक आहे, त्या देशात जाऊन ‘ही आमची जुनी वसाहत’ असे म्हणणे अनैतिहासिक तर आहेच, अशोभनीयही आहे.

मराठी प्रवाशासाठी आणखी एक मोह वाटेत उभा आहे. चंपाच्या दक्षिण भागाचे नाव पांडुरंग असे होते आणि आजचे फान रांग हे नगरनाम त्यावरूनच आले, असे मानले जाते. पंढरीच्या वाटेवर पाय पडलेल्या मनास हे नाव वाचून गहिवर यावा हे स्वाभाविक आहे. परंतु पांडुरंग हा संस्कृत शब्द आहे आणि संस्कृत शब्द सामायिक वारशातून अनेक ठिकाणी पोचले. चंपातील पांडुरंग हे भूप्रदेशाचे नाव आहे. तेथील प्रमुख उपासना शिवाची व देवीची होती. नामसाम्याने आनंद व्हावा, पण त्यातून वारकरी संप्रदायाचा संबंध जोडू नये. एका शब्दाचे आश्चर्य आणि एका विधानाचा पुरावा यांतील अंतर शिकविण्यास यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

३. मीसॉन आणि अजिंठा : जतनाचा इतिहास

मीसॉन हे चंपाचे प्रमुख धर्मक्षेत्र होय. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मा राजाने तेथे भद्रेश्वर शिवाचे लाकडी मंदिर उभारले. ते जळाल्यानंतर सातव्या शतकात शंभुवर्म्याने नवे मंदिर बांधून देवतेस शंभुभद्रेश्वर असे नाव दिले. त्यानंतर तेराव्या शतकापर्यंत तेथे विटांची मंदिरे बांधली जात होती. विटा एकमेकींस जोडण्याची चाम कारागिरांची पद्धत आजही अभ्यासकांच्या चर्चेचा विषय आहे. सत्तरहून अधिक वास्तूंपैकी आज सुमारे वीसच उभ्या आहेत. १९६९ च्या ऑगस्टमधील अमेरिकी बॉम्बवर्षावात येथील सर्वांत भव्य मंदिर कोसळले.

या अवशेषांची शुश्रूषा अनेक देशांतील अभ्यासकांनी केली. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री पारमाँतिए या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञाने त्यांची मोजमापे व आराखडे केले. पोलंडचे काझिमिएश क्विआत्कोव्स्की यांनी १९८० नंतर सुरुंग पेरलेल्या त्या रानात जतनकार्य आरंभिले आणि १९९७ मध्ये हुए येथे त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये मीसॉन जागतिक वारसा यादीत आले. पुढे २०१४ च्या करारानुसार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१७ पासून तेथील तीन मंदिरसमूहांचे काम केले. या कामात मे २०२० मध्ये नवव्या शतकातील वालुकाश्माचे अखंड शिवलिंग मिळाले.

खानदेशातील अभ्यासकास येथे अजिंठ्याची आठवण होईल. जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवरील ती लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. त्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यात रॉबर्ट गिल यांनी आयुष्याची अनेक वर्षे घालविली; त्यांपैकी बहुसंख्य प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या आणि १८७९ मध्ये गिल भुसावळ येथे निवर्तले. मीसॉनचे मंदिर युद्धाने गेले, अजिंठ्याच्या प्रतिकृती अपघाताने गेल्या. नष्ट झालेल्या मंदिराचे रूप आज पारमाँतिएच्या आराखड्यांवरून कळते. ज्याची नोंद झाली तेच काही अंशी वाचले. आपल्या तालुक्यातील बारवा, वीरगळ आणि गढ्या यांची मोजमापे, छायाचित्रे व वाचने आपण केली आहेत काय, हा प्रश्न घेऊन विद्यार्थी मीसॉनहून परतला तर दौऱ्याचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.

४. दोन पारतंत्र्ये, दोन तुरुंग

१८५८ हे वर्ष दोन्ही प्रदेशांच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी सातपुड्यातील अंबापाणी येथे खाज्या नाईक व त्यांचे भिल्ल सहकारी ब्रिटिश फौजेशी लढले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फ्रेंच व स्पॅनिश आरमाराने दा नांगवर हल्ला करून व्हिएतनामच्या पारतंत्र्याचा प्रारंभ केला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु डोंगराळ मुलुखातील जमातींशी परकी सत्ता कशी वागते, त्यांच्यातूनच पलटणी कशा उभारते, मिठासारख्या गरजेच्या वस्तूवर मक्तेदारी कशी बसविते आणि रेल्वेमार्ग कोणाच्या सोयीने आखते, हे प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखेच विचारता येतात. १८२५ मध्ये खानदेशात उभारलेली भिल्ल पलटण आणि १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत आलेला लोहमार्ग यांचा अभ्यास ज्याने केला, त्यास हनोई ते सायगॉन या १९३६ मध्ये पूर्ण झालेल्या लोहमार्गाचे अर्थकारण समजण्यास वेळ लागणार नाही.

तुरुंगातील साहित्य हे तुलनेचे दुसरे क्षेत्र होय. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. हो ची मिन्ह यांनी १९४२-४३ मध्ये दक्षिण चीनमधील तुरुंगांत अभिजात चिनी भाषेत छोट्या कविता लिहिल्या. त्यांची ‘तुरुंगातील रोजनिशी’ पुढे अनेक भाषांत गेली. हनोईत फ्रेंचांनी १८९६ मध्ये बांधलेला होआ लो तुरुंग आता संग्रहालय आहे. तेथील पायबेड्यांच्या ओळी व गिलोटिन पाहताना, बंदिवासातही भाषा आणि विचार कसे जिवंत राहतात, याची चर्चा वर्गातल्यापेक्षा अधिक सखोल होईल.

यापुढील घटनाक्रम दौऱ्यापूर्वी विद्यार्थ्यांस पाठ असावा. १९४४-४५ च्या दुष्काळात उत्तर व्हिएतनाममध्ये सुमारे १० ते २० लाख माणसे दगावली असे अंदाज आहेत; बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाशी त्याची तुलना उद्बोधक आहे. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात स्वातंत्र्याची घोषणा झाली. ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू येथे फ्रेंचांनी शरणागती पत्करली. त्याच वर्षीच्या जिनिव्हा करारानुसार देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. पोलंड व कॅनडा हे अन्य सदस्य होते. ऑक्टोबर १९५४ मध्ये पंडित नेहरू हनोईस गेले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये हो ची मिन्ह भारतात आले. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉनचा पाडाव होऊन युद्ध संपले. भारत-व्हिएतनाम संबंधांचा खरा, कागदोपत्री इतिहास हा असा समृद्ध आहे. त्यात ऐकीव कथांची भर घालण्याचे कारण उरत नाही.

युद्धस्थळांविषयी एक पथ्य सांगणे अगत्याचे आहे. कू चीचे भुयारी मार्ग आज पर्यटनस्थळ झाले असून तेथे पैसे भरून बंदूक चालविण्याची सोय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ती घेऊ नये. त्याऐवजी तो वेळ हो ची मिन्ह शहरातील युद्धावशेष संग्रहालयास द्यावा. १९६१ ते १९७१ या काळात सुमारे साडेसात कोटी लिटर तणनाशके जंगलांवर व शेतांवर फवारली गेली. त्यांतील डायऑक्सिनचे परिणाम पुढील पिढ्यांना भोगावे लागले. शेतीप्रधान प्रदेशातून आलेल्या विद्यार्थ्यास या आकड्याचा अर्थ अधिक नेमकेपणाने कळेल. १६ मार्च १९६८ च्या हत्याकांडातील ५०४ मृतांची नावे जेथे कोरली आहेत त्या सॉन मी स्मारकात छायाचित्रे काढण्याची घाई असू नये.

५. लिपीचा प्रश्न

व्हिएतनाममध्ये पाऊल ठेवताच पाट्यांवरील रोमन अक्षरे लक्ष वेधून घेतात. त्यामागे सतराव्या शतकातील जेझुइट धर्मोपदेशकांचे कार्य आहे. अलेक्झांडर द रोड यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला; पूर्वेकडे जाताना त्यांचा मुक्काम गोव्यात झाला होता. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले होते. एकाच संघटनेने दोन भाषांसाठी एकच लिपी योजली. एका देशात ती विसाव्या शतकात राष्ट्रीय लिपी झाली, तर मराठी देवनागरी व मोडीवर स्थिर राहिली. व्हिएतनामी तरुणास आज आपल्या आजोबांच्या आजोबांचा चिनी लिपीतील कागद वाचता येत नाही. मराठी पदवीधरास मोडी दप्तर वाचता येत नाही, ही स्थिती त्याहून फार निराळी नाही. हनोईच्या साहित्यमंदिरातील ८२ शिलापट्टांसमोर उभे राहून धुळ्याच्या मंडळातील मोडी रुमालांची आठवण व्हावी, इतके हे साम्य बोलके आहे.

६. आहार : बिबडे, कुरडई आणि तांदळाची पापडी

आहार हा इतिहासाच्या अभ्यासात दुय्यम समजला जातो. वास्तविक तो सर्वांत सहज उपलब्ध होणारा दस्तऐवज आहे. उन्हाळ्यात खानदेशातील घराघरांच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे आणि गव्हाच्या चिकाच्या कुरडया वाळत असतात. धान्य भिजविणे, आंबविणे, शिजविणे, पातळ पसरणे किंवा सोऱ्यातून पाडणे आणि उन्हात वाळवून वर्षभर टिकविणे हे त्यामागील तंत्र आहे. व्हिएतनाममध्ये तांदळाचे पातळ पीठ उकळत्या पाण्यावर ताणलेल्या कापडावर पसरून वाफवितात आणि ती पापडी बांबूच्या तट्ट्यांवर वाळवितात; तिला बान्ह त्रांग म्हणतात. ‘बून’ नावाच्या शेवया तांदळाचे आंबविलेले पीठ साच्यातून उकळत्या पाण्यात पाडून करतात. धान्य वेगळे, पाऊसमान वेगळे. पण ऊन आणि स्त्रियांचे सामूहिक श्रम ही दोन साधने दोन्हीकडे समान आहेत. खानदेशी गृहिणी सोबत असेल तर या विषयावरील सर्वोत्तम मार्गदर्शक तीच ठरेल.

केळीचा संबंधही पाहण्याजोगा आहे. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळीचे मूळ घर मात्र आग्नेय आशिया व त्यालगतच्या बेटांत आहे. आपण मुख्यतः फळ पिकवून रेल्वेने उत्तरेकडे धाडतो. व्हिएतनामी स्वयंपाकात केळफूल, कोवळा गाभा आणि पाने यांचाही सढळ वापर होतो. दक्षिणेकडील नववर्षाचा बान्ह तेत हा चिकट तांदळाचा पदार्थ केळीच्या पानात बांधूनच शिजवितात. मिरची व भुईमूग ही दोन्ही पिके अमेरिका खंडातून सोळाव्या शतकानंतर आशियात आली. खानदेशी ठेच्याचा तिखटपणा आणि व्हिएतनामी कोशिंबिरीवरील शेंगदाण्याचा कूट हे दोन्ही त्याच सागरी व्यापाराचे फलित आहे. फ्रेंच राजवटीने पाव व कॉफी दिली. फो हे मांसाच्या रश्शातील शेवयांचे प्रसिद्ध खाद्य हनोई व नाम दिन्ह परिसरात विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले.

शाकाहारी सदस्यांनी ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करावेत. त्यांचा अर्थ शाकाहार असा आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे शाकाहार करतात आणि त्या दिवशी असे भोजन सहज मिळते. एरवी भाजीतही मासळीचा आंबविलेला अर्क, म्हणजे नुओक माम, असू शकतो. म्हणून विचारून खावे. सोबत खाकरे व लोणची यांच्या पेट्या नेऊन तिन्ही वेळा तेच खाणे मात्र दौऱ्याच्या हेतूशी विसंगत आहे.

७. दौऱ्याची प्रत्यक्ष आखणी

काळाची निवड प्रथम करावी. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते. परंतु सप्टेंबर ते डिसेंबर हा मध्य व्हिएतनामच्या अतिवृष्टीचा काळ असून ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस हुए व होई आन येथे मोठे पूर आले. जानेवारी-फेब्रुवारीतील तेत या नववर्षोत्सवात संग्रहालये व दुकाने बंद असतात. मे महिना उष्ण असतो. तथापि जळगावचा ४४ अंशांचा पारा सोसणाऱ्यास तो असह्य होणार नाही आणि महाविद्यालयांस तेव्हा सुट्टीही असते.

बारा दिवसांचा पुढील क्रम योग्य वाटतो. पहिले तीन दिवस हनोई : राष्ट्रीय इतिहास संग्रहालय, १०७० मध्ये स्थापन झालेले साहित्यमंदिर, होआ लो तुरुंग व बा दिन्ह चौक. चौथ्या रात्री रेल्वेने हुए. पाचव्या दिवशी १८०२ ते १९४५ या काळातील न्गुएन राजघराण्याचा कोट. सहाव्या दिवशी हाय व्हान घाटातून रेल्वेने दा नांग आणि तेथील चाम शिल्पांचे संग्रहालय. हे संग्रहालय मीसॉनच्या आधी पाहावे; कारण मंदिरांतील मूर्ती तेथे आहेत आणि मूर्ती पाहिल्यावाचून रिकामी मंदिरे बोलत नाहीत. सातव्या दिवशी मीसॉन व त्रा किएऊ; आठव्या दिवशी सॉन मी स्मारक व सायंकाळी होई आन हे जुने बंदर. नववा व दहावा दिवस फान रांगसाठी राखावा : पो क्लाँग गराय मंदिर आणि चाक न वापरता मडकी घडविणारे बाऊ त्रुक हे चाम गाव. चाम समाज आजही तेथे नांदतो. त्यातील एक गट शैव परंपरेचा वारस असून दुसरा इस्लामी परंपरेचा आहे. अखेरचे दोन दिवस हो ची मिन्ह शहर : युद्धावशेष संग्रहालय आणि तमिळ व्यापाऱ्यांच्या वस्तीची साक्ष देणारे मरिअम्मन मंदिर. २०२५ च्या प्रशासकीय पुनर्रचनेत क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये आणि निन्ह थुआन प्रांत खान्ह होआमध्ये विलीन झाला आहे. जुन्या पुस्तकांतील पत्ते त्यानुसार तपासून घ्यावेत.

प्रत्येक सदस्यास एक विषय नेमून द्यावा : शिलालेख, मूर्ती, विटा, बाजार, स्वयंपाक, रेल्वे, लिपी. रोज रात्री अर्धा तास त्याची नोंद सर्वांसमोर वाचली जावी. परत आल्यावर या नोंदी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा कराव्यात. खर्चामुळे बहुसंख्य विद्यार्थी अशा दौऱ्यास जाऊ शकणार नाहीत, हे कटू सत्य आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलामुलींनी भरलेल्या वर्गास अध्यापकाने केवळ आपली छायाचित्रे दाखविली तर त्या प्रवासाचा समाजास काही लाभ झाला असे म्हणता येणार नाही. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी या नोंदी, नकाशे व लेखांचे वाचन हेच दौऱ्याचे खरे फलित होय. पाटण, अजिंठा व धुळे ही त्रिस्थळी तर प्रत्येक विद्यार्थ्यास एस. टी. च्या भाड्यात गाठता येते, आणि या आखणीचा निम्मा अभ्यास तेथेच होतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, चंपाच्या संस्कृत लेखांवरून सांस्कृतिक देवघेव सिद्ध होते, भारतीय राज्य अथवा वसाहत सिद्ध होत नाही. दुसरा, शिवछत्रपती व व्हिएतनाम यांविषयीची प्रचलित कथा साधनाच्या कसोटीवर उतरत नाही. दोन्ही युद्धपरंपरांची तुलना मात्र अवश्य व्हावी. तिसरा, पारतंत्र्य, तुरुंग, लिपी, पीक आणि वाळवण या अंगांनी खानदेशाच्या स्थानिक इतिहासाचा जाणकार व्हिएतनाम अधिक खोलवर पाहू शकतो. चौथा, दौऱ्याची तयारी घरच्या शिलालेखापासून सुरू झाली पाहिजे.

दूरच्या देशात आपलेच प्रतिबिंब शोधणारा प्रवासी आरसा पाहून परततो. दुसऱ्या समाजाने आपल्या अडचणींतून काढलेल्या वाटा जो समजून घेतो, त्यास स्वतःच्या गावाकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळते. इतिहासाच्या अध्यापकाने निघण्यापूर्वी सामानाची यादी करावी तशी प्रश्नांचीही यादी करावी. आणि परतताना उत्तरांपेक्षा अधिक नेमके प्रश्न आणावेत, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.